सुभेदारांचा फुटणारा तारा

सुभेदार चहाचा पहिला घोट कधीच स्वतः घेत नसत. चहा आला की आपला कप बशीनं झाकायचा, माझ्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "आधी तुमी घ्या." मी प्यायचो, ते माझा चेहरा न्याहाळायचे आणि मी धडधाकट राहिलो की मगच त्यांचा कप उचलला जायचा. दोन्ही कप एकाच किटलीतले. सांगलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि विष घालावं असं वैर आमच्यात नव्हतं. पण सुभेदारांचा संशय माणूस बघून बसत नसे. तो सगळ्यांवर सारखाच होता.

मूळचे ते माण तालुक्यातले. पलटणीत बिनतारी संदेशांच्या कामावर नोकरी झाली आणि पेन्शन घेतल्यावर माझ्या दुकानामागंच त्यांनी खोली केली. गावाकडे जात नसत. का, हे विचारायची सोय नव्हती. बसायचे ते कायम दाराकडे तोंड करून. बटण बंद केल्यावरही हाताची पालथी बाजू तारेला लावून बघत. मी म्हणायचो, "अहो, आत्ताच बंद केलं ना तुम्ही?" तर म्हणत, "बंद केल्यानं बंद हुतंय व्हय?" रेडिओवरची बातमी संपली की "कशावरनं?" असं विचारत आणि रेडिओ उत्तर देत नाही म्हणून माझ्यावर डोळे वटारत.

एकदा त्यांनी लष्कराच्या भंगारातून विजेच्या लहरी बघायचं एक पेटीवजा यंत्र पैदा केलं. ताटलीएवढी गोल काच आणि तिच्यावर पळणारा हिरवा ठिपका. मुंबईत कुठं तरी पडद्यावर खेळायचा खेळ आलाय, असं त्यांच्या कानावर आलं होतं. "त्यास्नी जमतंय, मग आपल्याला का न्हाई?" म्हणत सुभेदार महिनोन्‌महिने तारा जोडायची माझी डागकाठी घेऊन बसले. शेवटी त्या ठिपक्याचं यान झालं, दोन खुंट्या पिरगाळून ते चालवायचं आणि बाकीच्या ठिपक्यांच्या म्हणजे ताऱ्यांच्या मुलखात हिंडायचं. बाजारात कुजबुज सुरू झाली की म्हातारा हेर असावा, त्या पेटीतून कुणाला तरी खबरा धाडतो. खरं सांगतो, चार दिवस मलाही तसंच वाटत होतं.

खेळ झकास जमला होता. पण सुभेदारांना आता त्या खेळाचाच संशय यायला लागला. एका सकाळी म्हणाले, "ह्यात कायतरी खोटं हाय."

"काय खोटं?"

"हितं कुनी मरतच न्हाई."

तारेही विझतात, काही तर फुटून जातात, असं त्यांनी वाचनालयात वाचलं होतं. झालं, पेटी पुन्हा उघडली. पहिल्यांदा तारा फुटला तेव्हा मी समोरच होतो. एक ठिपका मंदावला, मग फुगत गेला, अख्खी काच हिरवीगार झाली आणि त्याच्या जागी नुसता काळोख उरला. समोरचा शिंपी हातातली कात्री घेऊन धावत आला, त्याला वाटलं दुकानच पेटलं. कुठला तारा कधी जाईल याचा मात्र काही नेम नव्हता. सुभेदारांनी मुद्दामच तसं केलं होतं. म्हणाले, "मलाबी कळता कामा नये. कळलं तर मी त्येला वाचवत बसनार."

पेटीची कीर्ती त्यांच्या गावापर्यंत गेली आणि जत्रेत मांडायला या म्हणून निरोप आला. सुभेदार कधी नव्हे ते तयार झाले. मलाही बरोबर घेतलं, बहुधा संशय घ्यायला कुणीतरी जवळ हवं म्हणून. पिठाच्या गिरणीतून वीज ओढली आणि चहूबाजूंनी घोंगडी टांगून भरदुपारी अंधार केला. माणसांची रीघ लागली. पण पहिला तारा फुटला आणि आतल्या बायका तोंडाला पदर लावून बाहेर पडल्या. थोड्या वेळानं पंच आले.

"सुभेदार, पेटी चालू द्या, पन तारा मारायचा न्हाई. गेलेलं मानूस तारा हुतंय असं मानतो आमी. हितं घरटी एकजन मिलट्रीत हाय."

सुभेदार गर्रकन माझ्याकडे वळले. "तुमीच पढवलं न्हवं ह्यास्नी?"

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं यांच्या चहाची चव बघितली त्याचं हे फळ! मी चपला शोधायला लागलो. तेवढ्यात घोंगडं बाजूला सारून एक म्हातारी आत आली आणि सगळ्यांनी सरकून तिला वाट दिली. त्या सुभेदारांच्या थोरल्या वहिनी, हे मला शेजारच्या माणसानं कानात सांगितलं. त्यांच्या एकुलत्या एका शिवाला सुभेदारांनीच भरतीला नेलं होतं. एकाहत्तरच्या लढाईत तो गेल्याची तार आली, पोरगा काही आला नाही, माती द्यायला त्याचा देहसुद्धा नाही. तेव्हापासून दीर-भावजयीत शब्द नव्हता.

"मला येकदा बघू द्या," वहिनी पंचांना म्हणाल्या. "मंग काय बंद करायचं ते करा."

त्यांनी खुंट्या धरल्या. यान नुकत्याच जन्मलेल्या करडासारखं झोकांड्या खात निघालं. ते एका ताऱ्याजवळ पोचलं आणि नेमका तोच मंदावला, फुगला, फुटला. वहिनींचं तोंड हिरव्या उजेडानं भरून गेलं. मग अंधार.

"ह्यो कोन, भावजी?"

"कुनी न्हाई, वैनी. ठिपका हाय नुसता."

"मंग कशापायी केलासा?"

सुभेदारांनी पेटीच्या तारा चाचपल्या, काच पुसली, मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ती तार मला कवाच खरी वाटली न्हाई. तुमी बघितलं न्हाई, मी बघितलं न्हाई. अजूनबी दाराकडं तोंड करून बसतोय, यील म्हनून. म्हनलं, जानारं जातंय कसं, येकदा डोळ्यानं तरी बघावं."

माझ्या हातातली चप्पल खाली पडली. इतकी वर्षं मी त्या दाराकडच्या नजरेला शत्रूची भीती समजत आलो होतो.

वहिनींनी काचेवरच्या त्या काळ्या जागेवर बोट टेकवलं. "मलाबी खरी वाटली न्हाई," त्या म्हणाल्या. "परत लावा."

तारा पुन्हा फुटला आणि या वेळी दोघंही रडले. पंच एकेक करून बाहेर गेले, तारा मारू नका असं नंतर कुणी म्हणालं नाही. संध्याकाळी वहिनींनी घरून चहा आणला. सवयीनं मी पहिला घोट घ्यायला पुढं वाकलो. सुभेदारांनी आपला चहा बशीत ओतला आणि माझ्याकडे न बघता पिऊन टाकला.

ते गावातच राहिले. मला एसटीत बसवताना म्हणाले, "पेटी तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. विजेच्या तारा काढून ठिवल्या न्हवं?"

"ठेवल्या."

"कशावरनं?"

त्यानंतर आमची भेट झाली नाही. काही वर्षांनी ते वारल्याचं पोस्टकार्ड आलं, वहिनींनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. मी ते वाचलं आणि माझ्याही तोंडून पहिला शब्द निघाला तो "कशावरून?" हाच. त्यांची मला फार आठवण येते. दुकानात चहा आला की पहिला घोट मी अजूनही घाईनं घेतो, समोरच्याला खोळंबायला नको म्हणून.