नदीतल्या बेटावरची पाखरं

मराठी शाळेची मास्तरीण म्हणून माझी पहिली नेमणूक चिकोडी तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात झाली. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी शहरात, टिळकवाडीत वाढलेली. नदी म्हणजे प्रवासात पुलावरून दिसणारी गोष्ट, एवढीच माझी ओळख. त्या गावाला पूल नव्हता. बस अलीकडच्या काठावर सोडायची आणि पलीकडं नावेतून जावं लागायचं. नाव आप्पांची होती. त्यांना सगळं गाव आप्पाच म्हणायचं, मीही म्हणू लागले. साठीच्या आसपासचे, काटक, फारसं न बोलणारे.

संक्रांत झाली की पाणी उतरायचं आणि नदीच्या मधोमध एक बेट उघडं पडायचं. दोन-तीन शाळांची पटांगणं मावतील एवढी वाळू आणि एका टोकाला काळा खडक. पहिल्याच उन्हाळ्यात आप्पांनी एकदा नाव त्या बेटाला लावली. म्हणाले, "बाई, उतरा. पर पाय बघून टाका."

वाळूत नुसत्या पायानं उकरल्यासारखे खळगे होते आणि त्यांत दोन-दोन, तीन-तीन अंडी. मातकट, तपकिरी ठिपक्यांची. हातभर अंतरावर असूनही मला आधी ती दिसलीच नव्हती. डोक्यावर पाखरं ओरडत फिरत होती. पिवळी चोच, काळी टोपी, लाल पाय, दुभंगलेली लांब शेपटी. एक मादी पाण्यावर जाऊन पोट भिजवून आली आणि तशीच ओली अंड्यांवर बसली.

"उन्हानं अंडी शिजू न्हाईत म्हणून," आप्पा म्हणाले. "माझ्या बाच्या वक्ताला हे बेट पांढरंफेक दिसायचं, इतकी असायची. आता बघा, कुठं कुठं हायती."

गावात त्यांना नदीची पाखरं म्हणत. सुरय हे नाव मला फार पुढं एका पुस्तकात मिळालं.

पाखरं का कमी झाली हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पोरं अंडी गोळा करून भाजून खायची. उथळ पाण्यातून कुत्री बेटावर जायची. वाळूच्या गाड्या बेटावर घालत. मी तेव्हा पंचविशीची होते आणि काहीतरी करून दाखवायची खुमखुमी होती. आप्पांना पुढं घालून मी पंचांना भेटले, बायकांशी बोलले, वर्गात पोरांना सांगितलं. शेवटी मारुतीच्या देवळात बैठक झाली, नारळ फुटला आणि ठरलं की पाडव्यापासून बेंदरापर्यंत, म्हणजे पाऊस लागेपर्यंत, बेटावर कुणी पाय ठेवायचा नाही. कुत्री हाकलायला काठावर पाळीपाळीनं माणसं बसायची. वरून कुठलाही हुकूम नव्हता. गावानं आपल्याआपण ठरवलं, याचा मला केवढा अभिमान!

अडचण एकच होती. बेटावर एका बाईची कलिंगडं असायची.

ती बौद्ध वस्तीतली, नवरा वारलेला, एक मुलगी पदरात. तिला सगळे आक्का म्हणत. गावात जमिनीचा तुकडा नसलेल्या माणसाला दरसाल उघडी पडणारी वाळू हीच जमीन. ती पौषात वाळूत खड्डे घेऊन, शेणखत भरून वेल लावायची. चैत्र सरता सरता कलिंगडं निघायची. बैठकीला तिला कुणी बोलावलं नव्हतं. निरोप सांगायला मीच गेले. ती दारात शेंगा निवडत होती.

"म्हंजे मी आता वेल लावायचं न्हाय?"

"दोन-चार वर्षंच, आक्का. पाखरं वाढली की बघू."

तिनं शेंगांवरून नजर उचलली नाही. "गावानं ठरवलंय म्हणताय. मग मला इचारताय कशाला?"

मी काहीतरी गोड बोलले. त्या हिवाळ्यापासून ती निपाणीला तंबाखूच्या वखारीत जाऊ लागली. सकाळी आप्पांच्या नावेतून जायची, संध्याकाळी परत. कपड्यांना, केसांना तंबाखूचा वास. पहिल्या वर्षी तिला नुसत्या शिंका यायच्या, दुसऱ्या वर्षी खोकला लागला. मी तो रोज ऐकत होते. वखारीतल्या सगळ्याच बायका खोकतात, असं स्वतःला सांगत होते.

पाखरं मात्र वाढली. दोन उन्हाळे पिल्लं उडून गेली. दुसऱ्या वर्षी आप्पा बेटाशेजारून जाताना वल्हं मारायचं थांबवून नुसते बघत राहायचे.

तिसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला होता. वैशाखात गावच्या विहिरी तळाला गेल्या. नदीत डबकी उरली. बायका वाळूत झरे उकरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. वरच्या धरणातून पाणी सोडावं असा अर्ज करायचं ठरलं. सरकारी कारभार कन्नड, म्हणून अर्जही कन्नडमध्ये हवा. मला कन्नड लिहिता यायचं म्हणून पंच माझ्याकडं आले. शाळेला सुट्टी होती, पण मतदार यादीच्या कामासाठी मी गावातच होते. शाळेच्या ओट्यावर बसून मी चांगला दोन पानी अर्ज लिहिला. जनावरांचे हाल, म्हाताऱ्यांचे हाल, सगळं. लोकांनी सह्या केल्या, अंगठे दिले. आप्पांनी अंगठा देताना विचारलं, "बाई, पाणी किती येईल ओ?"

"येईल थोडंसं," मी म्हणाले. "धरणात तरी कुठं आहे?"

त्या क्षणी बेट माझ्या डोक्यात नव्हतं. त्यांच्या होतं.

आठवड्याभरानं, सकाळी अकराच्या सुमाराला, पाणी आलं. पोरं काठाकाठानं ओरडत पळाली. बायका घागरी घेऊन धावल्या, कुणी पाण्याला हळदकुंकू वाहिलं. मीही हसत उभी होते. मग आप्पा नाव सोडताना दिसले, आणि मला बेट आठवलं. मी नावेत चढले.

आम्ही पोचलो तेव्हा निम्मं बेट पाण्याखाली गेलं होतं. अंडी वाळूवरून घरंगळत पाण्यात जात होती. पिल्लं पळत नव्हती. धोका दिसला की वाळूला चिकटून पडायचं एवढंच त्यांना ठाऊक. पाणी अंगावरून गेलं तरी ती तशीच पडून राहिली. आम्ही हाताला लागली तेवढी नावेतल्या बुट्टीत घातली. वर पाखरांचा असा कल्लोळ होता की आप्पा काय बोलतायत ते मला ऐकू येत नव्हतं.

वाचवलेली पिल्लं आम्ही काठावरच्या वाळूत ठेवली. आई-बाप खाली येतील म्हणून लांब बसलो. ते आले नाहीत. बेट जिथं होतं त्या पाण्यावरच ते घिरट्या घालत राहिले. घारी जमल्या. दिवस मावळेपर्यंत वाळूवर एकही पिल्लू उरलं नाही.

"आप्पा, अर्ज मी लिहिला," मी म्हणाले.

"माणसं बी तहानलीच हुती की, बाई," ते म्हणाले, आणि बुट्टी धुवायला पाण्यात उतरले. विहिरींना पाझर फुटला. ते पाणी मीही प्याले.

दोन-तीन दिवसांनी नावेत आक्का भेटली. मी तिची नजर चुकवत होते. तीच बोलली. "बाई, माझी कलिंगडं तवर काढून झाली असती."

तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब सांगावा तसं सांगितलं तिनं. पाखरंही गेली होती आणि तिची तीन वर्षंही.

पुढच्या पौषात तिनं बेटावर वेल लावले. मला बरंच वाटलं, पण वखारीतून सुटायला उशीर झाला होता. खोकल्यापायी तिला चार खड्डे खणल्यावर बसावं लागायचं. तिच्यामागं वाळूच्या गाड्याही परत आल्या. देवळात पुन्हा बैठक झाली नाही. नियम मोडलाय असं कुणी म्हणालं नाही, आणि म्हणायला मला तोंड नव्हतं. फाल्गुनात थोड्या जोड्या आल्या, दोन-चार दिवस वर फिरल्या आणि निघून गेल्या. कुठं गेल्या ते आप्पांनाही कळलं नाही.

त्याच साली माझी बदली बेळगुंदीला झाली. नदीवर पूल झाल्याचं आणि आप्पा गेल्याचं मला एकाच माणसाकडून, एकाच दमात कळलं. एकदा उन्हाळ्यात लग्नाला म्हणून त्या गावी गेले, तेव्हा बस पुलावरून गेली. मी खिडकीतून वाकून बघितलं. वाळू उपसून उपसून संपली होती. नदीच्या मधोमध नुसता काळा खडक उभा होता आणि त्याच्याभोवती हिरवट, खोल पाणी.