मामाची पेटी, सीटबेल्ट लावून सलालाहला

हे लिहायचं म्हणून रोज फोन उघडतो आणि उंटांचे व्हिडिओ बघत बसतो. मामा कालपासून घरात नाही, कुठे गेलाय तेही सांगितलेलं नाही. तेवढ्यात उरकतो.

मामा मस्कतला असतो. मी त्याच्याकडे दोन आठवड्यांसाठी आलो होतो, अजून आहे. त्याची पेटी, म्हणजे हार्मोनियम, त्याने देवगडहून पहिल्यांदा येताना मांडीवर घेऊन आणलेली. इथल्या कोरड्या हवेत लाकूड सुकून फटी पडल्या. भजनात सूर कमी, फुसफुस जास्त. शेवटी इथल्या भजनी मंडळाने मुंबईहून नवी मागवली आणि जुनी हजार किलोमीटरवरच्या सलालाहच्या साठेकाकूंच्या मुलीला, अन्वीला, शिकायला द्यायची ठरली. पण आमच्या आजोळची रीत अशी, की जुनं वाद्य नव्या घरी वाजल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. म्हणून पोचवायला मी.

गाडी बबनदादाची. तो मामाच्या गावचा, एसी दुरुस्त करतो आणि कामासाठी सलालाहला चालला होता. मामाने पेटी मागच्या सीटवर ठेवली, शाल पांघरली, सीटबेल्ट लावला आणि म्हणाला, "एसी लावायचा नाही. लाकूड अजून सुकेल."

"मामांनु, मी एसीवालो."

"म्हणूनच सांगतोय. बंद करता येतो ना?"

निघालो बुधवारी. बिदबिदजवळ इब्र्याचा फाटा आला. इब्र्यात बुधवारी बाजार भरतो, सगळा बायकांचा. मी म्हटलं, जाऊन येऊ.

"तू बायलमाणूस आसंस काय?" बबनदादा म्हणाला आणि निझवाचा रस्ता धरला.

निझवापर्यंत डोंगर आणि खजुरी दिसतात. आदम गावानंतर रस्ता सरळ, जग सपाट. जाणार असाल तर पंप दिसेल तिथे टाकी भरा, आणि अंधारात चालवू नका, उंट आडवे येतात. काचा उघड्या ठेवून आम्ही भट्टीतून चाललो होतो. हैमाला मुक्काम. तिथला केरळी हॉटेलवाला परोटा-ऑम्लेट घेऊन आला आणि गाडीत डोकावला. "पीछे अम्मा बैठी है? चाय भेजूं?"

"भेज," बबनदादा म्हणाला. अम्माचा चहा मी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी थुमरैतनंतर घाट उतरताना एकदम धुकं. खरीफ म्हणजे इथला पावसाळा, सगळं हिरवं आणि ओलं. रस्त्याकडेला शहाळं अर्ध्या रियालला. देवगडच्या माणसाने नारळाला पैसे मोजायचे म्हणजे जिवावर येतं, पण घेतलं.

साठेकाकूंनी पेटीला हळदकुंकू लावलं. अन्वीने भाता मारला. फुसफुस झाली, मामाने ती फोनवर ऐकली, "हं" म्हणाला आणि तिकडे नवी उघडली. काम खलास.

पण बबनदादाचं काम लांबलं. आठवडाभर मी काकूंकडे जेवलो, धुक्यात भटकलो. एका सकाळी जाग आली ती सुराने. भरलेला, मोकळा सूर. मी मूर्ख, आनंदाने मामाला फोन लावला.

"कोणाची पेटी?"

"तुझीच. दमट हवेत लाकूड फुगलं, फटी मिटल्या."

"परत आण."

"मस्कतला आली की परत फुसफुसेल, मामा."

"फुसफुसू दे. माझ्याकडे फुसफुसेल."

फोन स्पीकरवर होता. अन्वी इंडियन स्कूलची, मराठी अडखळत बोलते. "अंकल, मी तिला डेली वाजवते. ती आता... माझ्यामुळे बरी झाली." बोलताना तिने पेटीवरचा हात काढला नाही.

मला काही ती उचलवली नाही. हात हलवत मस्कतला आलो. येताना एसी चालू होता आणि मागची सीट रिकामी. तेव्हापासून मामा माझ्याशी मोजकंच बोलतो. नव्या पेटीचं सगळं मंडळ कौतुक करतं. मामा म्हणतो, "वाजते."

इथपर्यंत लिहिलं आणि साठेकाकूंचा फोन आला.

"अरे, तुझे मामा आलेत. दारात उभे, नव्या पेटीसकट. म्हणतात, अदलाबदल करू. अन्वी जुनी घेऊन बाथरूममध्ये गेली आणि कडी लावलीय. मी काय करू?"

मागून लांबलचक सा ऐकू येत होता. आणि दाराला तोंड लावून बोलावं तसा मामाचा आवाज.

"भाता एवढा जोरात नको गं बाळा. हळू. हां. आता रे."