चार वर्षांच्या आखणीला फुटलेले कोंब

आमच्या घरात भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राच्या पदवीला पाचव्या दिवशी कोंब फुटले. (पदवी चार वर्षांची होती. कोंबांना तेवढा धीर नव्हता.)

झालं असं, की माझी मुलगी स्नेहल बारावी पास झाली आणि तिनं जाहीर केलं, "बाबा, मी यवतमाळच्या कॉलेजात फिजिक्स आणि अॅस्ट्रॉनॉमी घेणार." आमच्या घराण्यात आजवर आभाळाकडे कोणी पाहिलं असेल, तर ते ढग आलेत का एवढंच बघायला. त्यामुळे मला इतका आनंद झाला, की बोरी अरबच्या बाजारात भेंडी घेता घेता मी भेंडीवाल्यालाही सांगून आलो, "पोरगी तारे शिकणार हाय!" त्यानं पाव किलोवर दोन भेंड्या जास्त टाकल्या.

पण तारे सहज मिळणारे नव्हते. अभ्यासक्रम नवा, जागा मोजक्या. कॉलेजची अट अशी, की नुसते मार्क आणू नका. आठ सत्रांत कोणता विषय कधी घेणार, कशाच्या आधी काय यायला हवं, याची स्वतः आखणी करून आणा आणि समोर बसून समजावून सांगा. ती पटली तरच खगोलशास्त्राची जागा, नाहीतर साधं बी.एस्सी. आहेच. स्नेहलनं या आखणीत तीन आठवडे घातले. ड्रॉइंगचा भलामोठा कागद, त्यावर चौकटी. मुख्य विषय निळ्या स्केचपेननं, गणित हिरव्यानं, तारे लाल रंगात. पहिल्या सत्रात गणितातलं कलनशास्त्र घेतलं नाही तर तिसऱ्या सत्रात खगोलशास्त्राचं दार बंद, असल्या गोष्टी दाखवायला पेन्सिलीचे बाण. या आखणीचं कौतुक मी गावभर केलं. पाहिली मात्र एकदाही नव्हती.

मग स्नेहल मैत्रिणीच्या लग्नाला केळापूरला गेली. कागदाची गुंडाळी करून तिनं कपाटावर ठेवली. मुलाखत पाच दिवसांनी, दुपारी तीन वाजता. सगळं कसं वेळेत आणि जागच्या जागी होतं, फक्त घरात मी होतो.

पेरणीचे दिवस जवळ आले होते. घरचं सोयाबीन पेरायचं तर आधी त्याची उगवण तपासावी लागते. शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करायची, रोज पाणी शिंपडायचं आणि पाचव्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचं. सत्तरच्या वर आले की बिनघोर पेरा. मी दाणे मोजले आणि बायकोला हाक मारली.

"अवं, रद्दी कुठी हाय?"

"फळ्यायवर हातरली सारी. आता एक कागद काढाचा नाई तितून!"

सुनंदा एकदा नाही म्हणाली की मी वाद घालत नाही. माझी नजर कपाटावर गेली. गुंडाळी उलगडून पाहिली. चौकटी, बाण, आकडे. म्हटलं, बारावीचा अभ्यास दिसतो. आणि बारावी तर झाली! (चष्मा ओट्यावर होता. आणायला चार पावलं होती. चार!) कागद असा जाड, पाणी असं धरून ठेवणारा, की इतक्या वर्षांत उगवण तपासायला मला एवढा सरस कागद मिळाला नव्हता. मी तो मनापासून भिजवला. एवढंच नाही, रोज सकाळ-संध्याकाळ पाणीही शिंपडलं. अभ्यासाला इतकं नियमित मी माझ्या विद्यार्थीदशेतही बसलो नव्हतो.

पाचव्या दिवशी शेजारचा बाळूभाऊ साक्षीला बसला. परातीत कागद उलगडला आणि मी मोजायला सुरुवात केली. ऐंशी गेले, नव्वद गेले...

"ब्याण्णव!" मी ओरडलो. "बाळूभाऊ, ब्याण्णव उगवले!"

"बाप्पा!" बाळूभाऊ म्हणाला. "पोरीपेक्षा सोयाबीनले जास्त मार्क पडले लेका!"

नेमकी तेव्हाच स्नेहल केळापूरहून बॅग घेऊन अंगणात आली. "कायचे ब्याण्णव, बाबा?"

"ये, पाय! असे कोंब पायले होते का कधी?"

ती आली. तिनं पाहिलं. पांढऱ्याशुभ्र कोंबांच्या खाली निळं, हिरवं, लाल पाणी एकमेकांत मिसळून छान जांभळं झालं होतं.

"बाबा... हा कागद कुठचा?"

"कपाटावरचा. तुह्या बारावीचा जुना हाय."

स्नेहल मटकन खाली बसली.

"पाय, पोरगी आनंदानं बसली खाली," बाळूभाऊ म्हणाला.

मुलाखतीला जेमतेम दोन तास उरले होते. सुनंदाला आधी काय झालं ते कळेना आणि कळल्यावर ती माझ्याशी बोलेना. पण स्नेहल एकदम उठली. तिचा चेहरा उजळला. "फोटो! बाबा, तुमच्या फोनमदी फोटो काढून ठेवलता मी! द्या फोन!"

मी फोन दिला नाही. फोन खिशात होता आणि खिशावर माझा हात होता.

"द्या नं!"

"त्याचं असं झालं... मले या गुंडाळीचा फोटो काढाचा होता. तं फोन म्हणे, जागा नाई."

"मंग?"

"मंग एक फोटो उडवला."

"कोणता?"

"चौकटी-चौकटीचा होता बा कोणतातरी."

सुनंदानं मौन सोडलं. "एकच काम दोनदा बिघडवाले अक्कल लागते माणसाले!" (ती अक्कल माझ्यात आहे, हे तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच मान्य केलं.)

त्या क्षणी मला स्वतःची खरंच लाज वाटली. तीन आठवडे पोरगी जेवणाच्या ताटावरही विषय मांडत होती आणि मी त्याच्यावर सोयाबीन मांडून मोकळा झालो. पण रडायलाही वेळ नव्हता. स्नेहल म्हणाली, "कागद तसाच घ्या. जेवढं दिसन तेवढं दिसन." गुंडाळी करता येईना, कारण मुळं कागदात आरपार गेली होती. म्हणून परात मांडीवर घेऊन मी दारव्ह्याहून भरून आलेल्या जीपमध्ये शिरलो.

जीपमध्ये चौदा माणसं होती आणि सगळी शेतकरी. परात बघितल्यावर यवतमाळपर्यंत दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं.

"कोणतं वाण होय, भाऊ?"

"घरचंच हाय. ब्याण्णव आले."

"ब्याण्णव! दाखवा दाखवा!"

"बाबा, परात हलवू नका!" स्नेहल वही घेऊन कागदावर वाकली होती. "तो कोपऱ्यातला कोंब उचला."

"तुटन नं तो!"

"बाबा!!"

मी उचलला. खाली 'शास्त्र' एवढंच शिल्लक होतं. आता त्या कागदावर सगळी शास्त्रंच होती! मग जीपभर कामाला लागली. एका मावशीनं भाजी निवडावी तसे कोंब निवडायला घेतले, एक आजोबा "इथं 'कल' दिसून राह्यलं पोरी" असं सांगू लागले, आणि ड्रायव्हर आरशातून विचारू लागला, "किती सत्र झाले?" पेन्सिलीचे बाण मात्र जसेच्या तसे होते. फक्त ते कुठून निघून कुठं जात होते, तेवढं वाहून गेलं होतं. स्नेहल मात्र त्या बाणांवर बोट फिरवत पुटपुटत होती आणि वहीत काहीच लिहीत नव्हती.

तीनला पाच मिनिटं असताना आम्ही पोहोचलो. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी आधी परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वनस्पतिशास्त्र विभाग मागच्या इमारतीत आहे."

"नाही मॅडम," स्नेहल म्हणाली, "ही माझी आखणी आहे. बाबांनी पेरली. मी फळ्यावर लिहून दाखवू?"

आणि तिनं खडू घेतला. आधी नुसते बाण काढले, जसे कागदावर होते तसे. मग त्या बाणांच्या टोकांना एकेक विषय बसवत गेली. कलनशास्त्र इथं, म्हणून यांत्रिकी तिथं, म्हणून तिसऱ्या सत्रात तारे. मॅडम मधेच अडवत होत्या, "हे आधी का नाही?" आणि ती थांबून कारण सांगत होती. आठवं सत्र लिहून झालं तेव्हा फळा भरला होता आणि माझे डोळेही. इतका आनंद मला सोयाबीनच्या भावानंही कधी दिला नाही. तो आनंद आवरला असता तर बरं झालं असतं, पण मी बोललो.

"मॅडम, तारे पयल्याच वर्षी देऊन टाका नं! कपाशीत तूर घेतो तसे मदात मदात!"

"बाबा, तुमी चूप बसा!"

मॅडम हसल्या आणि जागा दिली! मी परात खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

शेवटी एक कौशल्याचा विषय निवडायचा होता. तो जो आधी येईल त्याला, आणि आम्ही सगळ्यांच्या शेवटी आलो होतो. संगणक भरलेला, फोटोग्राफी भरलेली. उरला होता एकच विषय, बियाणे तंत्रज्ञान.

"घे, घे!" मी उडालोच. "पैकीच्या पैकी पडतीन! मी शिकवतो नं!"

आणि मी शिकवलं. परीक्षेआधी आठवडाभर, रोज तासभर, फोनवरून. निकाल लागला. भौतिकशास्त्र उत्तम. कलनशास्त्रात वर्गात पहिली. बियाणे तंत्रज्ञानात काठावर पास.

"तुमी सांगतलं तेच लिहिलं, बाबा," स्नेहल फोनवर म्हणाली. "सर माहा पेपर घेऊन वर्गात आलते. सगळ्यायसमोर विचारे, हे तुला शिकवलं तरी कोणी?"

"मंग? माह्यं नाव सांगतलं?"

"तुमचं कायले सांगू? म्हटलं, आमच्या शेजारचे बाळूकाका."

मला भरून आलं. संध्याकाळी बाळूभाऊ सहज डोकावला, तर मी त्याला आग्रह करकरून दोनदा चहा पाजला.

"आज काय विशेष?" त्यानं विचारलं.

"काई नाई," मी म्हटलं. "कॉलेजात तुह्यं नाव निघालतं."