येताना थांबू

फोन आला तेव्हा मी हमरापूर फाटा ओलांडून नुकताच पुढे आलो होतो. सकाळचे सव्वाआठ. पनवेलच्या हॉस्पिटलात आमची मुलगी मेघा आईजवळ होती आणि मी पेणला घरी येऊन, अंघोळ उरकून, डब्यात मऊ भात घेऊन परत निघालो होतो. मेघा एवढंच म्हणाली, "बाबा, गाडी बाजूला घ्या आधी." मी घेतली. गाडी घेतल्यापासून कुणी सांगितल्याबरोबर मी ती थांबवली असेल तर तेव्हाच... कुंदा गेली होती. समोर काचेखाली तिनेच बसवलेला चार बोटं उंचीचा गणपती होता. सोंड, दात, पितांबर, सगळं रंगवलेलं, फक्त डोळ्यांच्या जागा कोऱ्या.

त्या कोऱ्या का राहिल्या, ते सांगायला आज बसलोय. पाच आठवडे झाले. भेटायला येणाऱ्यांना मी कुंदाचं आजारपण सांगतो, डॉक्टर काय म्हणाले ते सांगतो, पण हे सांगत नाही, कारण यात चूक माझी आहे.

कुंदा कासूची. वडील मिठागरावर कामाला, त्यामुळे खाडीचं पाणी, चिखल आणि उन्हात पांढरे होणारे मिठाचे ढीग हे तिचं लहानपण. लग्न होऊन आली आणि सहा महिन्यांत माझ्या मोठ्या वहिनीबरोबर हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात जायला लागली. आधी पितांबर रंगवायचं काम, मग दागिने, आणि चौथ्या वर्षी मालकांनी तिच्या हातात बारीक ब्रश देऊन तिला आखणीला बसवलं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. हे काम सगळ्यांत शेवटी होतं आणि ते बिघडलं तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. कुंदाचा हात कधी हलला नाही. तिची एक सवय होती. ब्रश टेकवायच्या आधी मूर्तीसमोर कुणी उभं असेल तर ती म्हणायची, "समोरून बाजूला व्हा गो." स्वतःही एका अंगाला बसायची. "डोळा उघडला की पयलं आपलंच तोंड कशाला दाखवायचं त्याला?" मी एकदा चिडवलं, "ब्रह्मदेव समजतेस की काय स्वतःला?" तर मान वर न करता म्हणाली, "व्हय. तुमी तुमचा बॉयलर बघा."

बॉयलर खरोखरच बघत होतो. रोह्याच्या एका कंपनीत तीस वर्षं शिफ्ट केली. मी माणूस वेळेचा आणि नियमाचा, ही माझी फुशारकी. घरातल्यांच्या मते तो माझा रोग. कुंदा मोकळी असायची तेव्हा माझी शिफ्ट, मला सुट्टी मिळायची तेव्हा तिचा हंगाम. पेणहून समुद्र तो किती लांब! पण अलिबागला कुणाच्या तरी लग्नाला गेलो असताना संध्याकाळी दहा मिनिटं उभे राहिलो होतो, तेवढाच आमचा दोघांचा समुद्र. रिटायर झाल्यावर मी एक जुनी गाडी घेतली तेव्हा ती म्हणाली, "आता तरी एक दिवस किनाऱ्यानं नुसतं जाऊ या. कोणाकडं नाय, कामाला नाय." आणि कारखान्यातून हा छोटा गणपती घेऊन आली.

"डोळे?" मी विचारलं.

"समुद्रावर काढीन," ती म्हणाली. "आमच्या गणपतींना डोळे उघडले की काय दिसतं? कारखान्याचा पत्रा. आन् पाणी दिसतं ते एकदम शेवटाला, बुडताना. ह्याला पयलं पाणीच बघू दे."

मला हे आवडलं होतं, हे इथे लिहून ठेवतो. मी अगदीच दगड नव्हतो.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी निघालो. तिने कुंकवाच्या रिकाम्या डबीत काळा रंग घेतला होता, ब्रश रुमालात गुंडाळून पर्समध्ये. रोह्यावरून चणेरे, साळाव आणि मग किनाऱ्याने मुरूडपर्यंत, असा बेत. कुठे किती वाजता पोचायचं हे मी कागदावर लिहून काढलं होतं. रोह्यात शिरल्यावर मला वाटलं, कुंदाला आपल्या कंपनीचं गेट दाखवावं. गेटवरचा वॉचमन जुना, ओळखीचा. "काय साहेब, रिटायर झालात तरी चैन पडत नाय व्हय?" म्हणाला. मग चहा आला, मग आतले दोघेजण आले, अर्धा तास गेला. कुंदा गाडीत बसून होती. मी परत आलो तर म्हणाली, "छान हाय गेट." तो टोमणा होता हे मला कळायला कोर्लई यावं लागलं.

कोर्लई मागे टाकलं आणि बोर्लीच्या पुढे एका वळणावर झाडं संपली, समुद्र एकदम उजवीकडे उघडा पडला. खाली काळे खडक, ना होडी ना माणूस. उन्हात ते पाणी असं काही दिसत होतं की मीसुद्धा गाडीचा वेग कमी केला. कुंदा पुढे वाकली. "अहो, थांबवा. हितंच."

रस्त्यापलीकडे दगडी कठडा होता, गाडी लावायला आमच्या बाजूला जागाही होती. पण माझ्या डोक्यात तो अर्धा तास. कागदाप्रमाणे आम्ही उशिरा चाललो होतो. "आत्ता समुद्र पलीकडच्या बाजूला आहे," मी तिला समजावलं, "येताना आपल्याच बाजूला येईल. रस्ता ओलांडायला नको, काही नको. येताना थांबू." किती बरोबर होतं! कंपनीत सेफ्टीच्या भाषणात टाळ्या मिळाल्या असत्या. ती मागे वळून पाहत राहिली, वळण दिसेनासं होईपर्यंत.

पुढे काशीदला गाडी थांबवली, पण तिथे उंट काय, घोडागाडी काय, फोटो काढणाऱ्यांची झुंबड. "इथे काढ की डोळे," मी म्हटलं. तिने वाळूवर उभं राहून सगळीकडे बघितलं आणि मान हलवली. "इतक्या सगळ्यांना समोरून बाजूला कसं करू?" म्हणाली आणि हसली. मुरूडला एका घरगुती खानावळीत सुरमई जेवलो. तिने सोलकढी दोनदा मागून घेतली. मला वाटतं, त्या वेळी ती खरंच सुखात होती. जेवताना एकदा पर्सवर हात ठेवून डबी आहे ना ते चाचपून पाहिलं, तेही मी पाहिलं. खानावळीतल्या गृहस्थाने विचारलं, कुठे जायचं. पेण म्हटल्यावर म्हणाला, साळावकडून कशाला फिरून जाता, डोंगरातून थेट रोह्याला उतरा, उजेडात पोचाल. मला उजेडात पोचायचं होतंच. मी गाडी वळवली. शपथेवर सांगतो, त्या क्षणी बोर्लीपुढचं ते वळण माझ्या मनातच नव्हतं. घाट अर्धा चढल्यावर कुंदा हळूच म्हणाली, "अहो... समुद्र?"

मी काय बोललो असेन? "अगो, पुढच्या वेळी. समुद्र कुठं पळून जातोय?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने गणपतीवरची धूळ पदराने पुसली आणि कोलाडला कांदाभजी खाऊ या का, असं विचारलं. कोलाडला जायचं म्हणजे वाट थोडी वाकडी करायची, पण मी लगेच हो म्हटलं. भजी चांगली होती.

पुढच्या वेळेची गंमत अशी, की आधी तिचा हंगाम आला, मग मेघाचं बाळंतपण, मग कुंदाच्या पोटात दुखायला लागलं. दुखण्याचं नाव कळेपर्यंत उशीर झाला होता. हॉस्पिटलात एका दुपारी मी तिला म्हटलं, "बरी झालीस की पहिलं त्या वळणावर. कागद नाही, घड्याळ नाही." तिचा तो कधी न हलणारा हात सलाइन लावून पडला होता, आणि थरथरत होता. ती म्हणाली, "राहू दे आता. इतकी वर्षं बघताव ना, डोळे काढले की गणपती दुसऱ्याच्या घरी जायला निघतो. ह्याचे ऱ्हायले म्हणून तर हा आपल्याकडं ऱ्हायला." आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी उगाच मनाला लावून घेताव."

हे तिने मनापासून म्हटलं की माझी समजूत घातली, मला आजही ठरवता येत नाही. बहुतेक समजूतच. पण तिला हवी असलेली एकच गोष्ट मी करू दिली नाही आणि तिने मलाच सांभाळून घेतलं, हे काही केल्या गिळता येत नाही.

दिवसकार्य झाल्यावर मेघाने विचारलं, "बाबा, मी काढू डोळे? आईने शिकवलंय मला." मी नको म्हटलं. ब्रश आणि कुंकवाची डबी कपाटात ठेवून दिली. डबीतला रंग वाळून कडक झाला आहे.

गेल्या मंगळवारी मी एकटाच निघालो. रोह्यात वॉचमनने हात केला, मीही केला, थांबलो नाही. बोर्लीच्या पुढचं वळण आलं. समुद्र त्या दिवशीसारखाच पलीकडच्या बाजूला होता. मी अलीकडे गाडी लावली, गणपती काढून हातात घेतला, दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला. मोजून अकरा पावलं. गणपती कठड्यावर ठेवला, पाण्याकडे तोंड करून. मग पुढे वाकून त्याचं तोंड नीट करायला गेलो, आणि माझ्याही नकळत समोरून बाजूला झालो.