नत्थुजीचं गोठलेलं तेल

उभं आयुष्य मी उजेडात नाचलो, रसिकहो. पण माझ्या तोंडावर तो उजेड धरणारा माणूस एकच, वलगावचा नत्थुजी. आमच्या दंडारीचा, म्हणजे गावोगाव सोंगं नाचवणाऱ्या फडाचा, मशालजी. मी राधा नाचायचो, मिसरूड काढून, लुगडं नेसून, आणि हा माणूस मशाल घेऊन माझ्याबरोबर फिरायचा. मी वळलो की तोही वळायचा. धुरानं त्याचे डोळे कायमचे लाल झाले होते. खेळ संपला की बसल्या जागी झोपायचा.

कापूस तेजीत होता तेव्हाची गोष्ट. शेतंच्या शेतं कापसाखाली गेली, तीळ कुणी पेरीना, आणि तिळाचं तेल मिळेनासं झालं. मग नत्थुजी मशालीला करंजाचं तेल वापरू लागला. अमरावतीकडं काही अडलं नाही.

त्या हिवाळ्यात चिखलदऱ्याच्या पठारावरून बोलावणं आलं. तिथं रेल्वेच्या रुळांखाली घालायला साग तोडत होते. पण खाली मैदानात कापूस वेचणीची मजुरी वाढलेली, मजूर पळून जायचे. ते रमावेत म्हणून ठेकेदारानं दंडार मागवली. घाट चढून पोचलो तर दात वाजायला लागले. अंगावर लुगडं, वर घोंगडी, अशी राधा कुणी पाहिली असेल?

दिवस मावळला. नत्थुजीनं कुपी उलटी केली. तेल खाली येईचना, तुपासारखं थिजलेलं.

"आता काय करता?" आमचा नाईक सूर्यभान त्याच्यावर डाफरला. बापाच्या वयाच्या माणसाला 'तुमी' म्हणायचा, पण टोचून. "आज मशाल पेटली नाही तं परतवाड्यालेच उतरजा अन् घरी जाजा. मी ठेकेदाराचा कंदील मागून घेतो."

"पेटते बाप्पा, पेटते. जरा चूल तं होऊ दे."

चूल होईना. लाकडं धुक्यानं ओली. चकमकीची ठिणगी पडायची आणि दमट कापसात विझायची. नत्थुजीनं कुपी काखेत धरली, घोंगडी पांघरली आणि चुलीपुढं ओणवा होऊन फुंकत बसला. मी शेजारी बसलो.

"बाई, तू काहून बसली इथं? रंग उतरन तुहा," तो म्हणाला. मला तो सदाच बाई म्हणायचा.

"तुम्ही नसाल तर मी नाचू कशी?"

"पायानं नाच. मी का तुहे पाय हावो?"

तेवढ्यात ठेकेदाराच्या माणसानं काचेचा कंदील आणला. त्यात मुंबईहून आलेलं मातीचं तेल, म्हणजे घासलेट होतं. त्यानं वात वर केली, काडी ओढली, आणि सगळं पटांगण उजळलं. मजुरांनी टाळ्या पिटल्या. अजून आम्ही एक पाऊलही नाचलो नव्हतो!

खेळ सुरू झाला. अर्धा झाला असेल, तेव्हा नत्थुजी पेटती मशाल घेऊन धावत आला. ठेकेदार ओरडला, "अरे, काच काळी करशील! हटाव वो धुआँ!" सूर्यभाननं मान फिरवली. नत्थुजीनं मशाल मातीत खुपसली आणि मजुरांत जाऊन बसला.

सकाळी सूर्यभान तो कंदील फडासाठी मागायला गेला. ठेकेदार हसला. "लाकडं मोजायला आणलाय तो. तुम्हाला नाचायला नाही."

आम्ही घाट उतरलो. परतवाड्याला नत्थुजीनं गाठोडं खांद्यावर टाकलं, तसा सूर्यभाननं त्याचा हात धरला. "नत्थुजी, रागावले काय? उद्या अचलपूरले खेळ हाये. उजेड कोन धरन?"

"राग नाही गड्या. सोंग मी आजवर कदी पायलंच नोतं. जवळून निरा धूर दिसे. रातच्यानं बसून सारं पायलं." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "बाई, तू चांगली नाचतं. पन हात लय हालवतं."

"तुमी आल्याशिवाय मी हालनार नाही," सूर्यभान म्हणाला.

"नोको हालू." नत्थुजीनं मशाल त्याच्या हातात दिली. "डावीकडून धरजो, म्हंजे तोंडावर सावली येत नाही. मले झोप येऊन राह्यली, बाप्पा."

आणि तो वलगावच्या वाटेला लागला. अचलपूरला त्या रात्री मशाल सूर्यभाननंच धरली. खोकत होता बिचारा, पण डावीकडून धरली.