टाकीजवळची ओळ

निमगाव सावाच्या निर्मलाने छत्तिसाव्या वर्षी फळबागेच्या पदविकेला नाव घातलं, तेव्हा घरात कोणी विरोध केला नाही. ती नेमकं काय करणार आहे हे कोणाला कळलंच नव्हतं. नवरा दादाभाऊ पिकअप चालवायचा. "यष्टीच्या टायमाला जमत आसंल तर कर," एवढंच तो म्हणाला. सासरे गेणभाऊ यांच्याकडे अजून अकरा मेंढ्या होत्या. त्यांची समजूत झाली की ही झाडं फुकट वाटायची सरकारी योजना आहे. "झाडं कदी मिळनार?" असं ते पुढचे दोन महिने विचारत होते.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, नारायणगावला. आठवड्यातले दोन दिवस वर्गात बसायचं आणि चार दिवस एखाद्या बागेत काम करायचं. त्या कामाचं विद्यावेतन मिळायचं. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तशी एकोणीस-वीस वर्षांची पोरं उठून उभी राहिली. ती मागच्या बाकावर जाऊन बसली, तेव्हा पोरंही बसली. दुसऱ्या दिवसापासून ती काकू झाली.

काम मिळालं चांगदेव सरांच्या बागेत. सर बँकेतून निवृत्त झालेले, तीन एकर काळी द्राक्षं, आणि बोलणं कमी. फवारणी, ठिबक, काड्या तारेला बांधणं, हे सगळं निर्मला पटापट शिकली. दिवाळी झाली, मणी ज्वारीएवढे झाले आणि विरळणी निघाली. तिथे ती अडली.

विरळणी म्हणजे घडातले जवळजवळ अर्धे मणी छोट्या कात्रीने कापून खाली टाकायचे. मग उरलेल्यांना जागा मिळते, ते फुगतात. बायकांच्या टोळीची मुकादम नंदाबाई वीस वर्षं हेच करत आली होती. निर्मलाच्या हातचा पहिला घड तिने उलटासुलटा करून पाहिला.

"कात्री चालंना का गं तुजी?"

"चालतीय की."

"मंग?"

"समदे चांगले हायेत, मावशी. कुठला काढू?"

"समदे चांगलेच आसत्यात. वाईट तेवढे काढायचे आसते, तर कुनी बी काढले आसते."

निर्मलाचं माहेर मेंढपाळांचं. लहानपणी कळपामागे फिरताना तिच्याकडे एक काम असायचं. मेंढीला जुळं झालं की मागे पडलेलं कोकरू उचलायचं, दुसऱ्या मेंढीला पाजायला लावायचं, चालत नसेल तर खांद्यावर घ्यायचं. एकही सोडायचं नाही. त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता तिला धडधाकट असलेल्यांतलेच अर्धे खाली टाकायला सांगत होते, आणि त्याचं विद्यावेतनही देत होते.

त्या दिवशी प्रात्यक्षिकाच्या वहीत तिने लिहिलं, 'आज अंदाजे दोन हजार मणी वाया घालवले.' शिक्षकांनी खाली लाल शाईने दुरुस्ती केली, 'वाया घालवले नव्हे. विरळणी केली.'

चौथ्या दिवशी चांगदेव सर तिला पाण्याच्या टाकीजवळच्या शेवटच्या ओळीपाशी घेऊन गेले.

"निर्मलाताई, ही ओळ तुमची. वाटेल तशी करा. मी काही बोलणार नाही."

ते खरंच काही बोलले नाहीत. नंदाबाई दोघांच्या वाटचं बोलली.

निर्मलाने त्या ओळीत कात्री जेमतेम लावली. वाळका मणी तेवढा काढला, बाकी सगळे ठेवले. डिसेंबर सरताना बागेतली सगळ्यात भरगच्च ओळ तीच होती. येणारेजाणारे थांबून बघायचे. एका रविवारी तिने गेणभाऊंना मुद्दाम बघायला आणलं. त्यांनी घड तळहातावर तोलला. "लई भारी," ते म्हणाले. ती दिवसभर खुशीत होती.

जानेवारीत बाकीच्या बागेत मणी पिकून काळे झाले. टाकीजवळची ओळ हिरवी-तांबडी राहिली. मणी एकमेकांना रेटत होते आणि फुगायला जागा नव्हती. मग ते तडकू लागले, घडाच्या पोटात रस झिरपला आणि चिलटं आली. फेब्रुवारीत व्यापारी माल बघायला आला. बाकीच्या ओळींत त्याने मण्यांचं माप घेतलं, साखर मोजली. या ओळीत त्याने खिशातून हातच काढला नाही.

"हे काय आहे, सर?"

"प्रात्यक्षिक आहे," चांगदेव सर म्हणाले.

व्यापारी गेल्यावर निर्मलाने एक घड तोडला आणि बांधावर बसून तो मणी-मणी सोडवला. आतले मणी दाबून चपटे झाले होते. त्यांना ऊन लागलंच नव्हतं. तिने त्यातला एक खाल्ला. आंबट होता. तिने दुसरा खाल्ला. नंदाबाई पाण्याची बाटली घेऊन आली, शेजारी बसली आणि तिनेही त्यातला एक मणी तोंडात टाकला.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला आपल्या कामाचा अहवाल द्यायचा होता. निर्मलाने त्या ओळीवरच लिहिला. बाहेरून आलेल्या परीक्षकांना तो फार आवडला.

"एक ओळ विरळणीशिवाय ठेवून तुलना करायची, हे तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचलं नाही, सर. मला कापवेना."

परीक्षकांनी तिला वर्गातले सर्वांत जास्त गुण दिले.

दुसऱ्या वर्षी तिने कापलं. पहिल्या घडाला एका बाईला लागतो त्याच्या तिप्पट वेळ लावला. नंदाबाईने तो तपासला, आणखी सहा मणी काढले आणि म्हणाली, "बरं हाय." महिनाभरात निर्मलाचा हात टोळीतल्या बायकांच्या बरोबरीने चालू लागला. पदविका मिळाल्यावर चांगदेव सरांनी तिला बागेची देखरेख दिली, शेजारच्या दोन बागांनीही बोलावलं.

घराच्या मागे वाड्याची, म्हणजे मेंढ्या कोंडायची जुनी जागा होती. वर्षानुवर्षांच्या लेंड्यांनी ती जमीन काळीभोर झालेली. गेल्या साली गेणभाऊंनी ती सुनेला द्राक्षांसाठी दिली. अट एकच घातली, "माज्या म्होरं कापायचं न्हाई." यंदा पहिला माल धरला आहे. सकाळी गेणभाऊ मेंढ्या घेऊन चरायला निघतात, ते वळणाआड होईपर्यंत निर्मला ओट्यावर चहा पिते, आणि मग कात्री घेऊन मागे जाते. ते परत यायच्या आत ती खाली पडलेले मणी झाडून टाकते.