उंबरठ्याच्या कडेचं बोट

जळगावच्या एका पाइप कारखान्यात मी उभा जन्म ड्राफ्ट्समन म्हणून काढला. शेतावरून कोणीतरी पाठकोऱ्या कागदावर, कधी विडीच्या पाकिटावर, ठिबकचा आराखडा खरडून आणायचा आणि संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर त्याचं स्वच्छ ड्रॉइंग व्हायचं. वाकडी रेघ दिसली की माझं डोकं फिरतं. लग्नाच्या पंगतीत ताटातलं लिंबूसुद्धा मी नीट जागेवर सरकवतो, असं बायको चारचौघांत सांगते. ते खोटं नाही.

निवृत्त झाल्यावर हाताला काम उरलं नाही आणि मी चिडचिडा झालो. अशात एक दिवस मोबाइलवर प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचा पाठ दिसला. सहज म्हणून त्यातलं घुबड काढून पाहिलं. इतकं झकास उतरलं की मी दिवसभर खूश होतो. मग साप काढला, मग पाण्याची नागमोडी रेघ, मग भाकरी. चित्रांच्या मागोमाग भाषा आली आणि तिने मला पुरतं गुंडाळून ठेवलं. बायकोची हरकत एकच होती, भिंतीवर घुबड नको. म्हणून चिन्हांचा तक्ता मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि कपाट उघडं टाकून अभ्यास करू लागलो. गल्लीतले लोक विचारायचे, "काय आबा, ममी उठली का?" मी म्हणायचो, "चहा पिऊन गेली."

तीन वर्षांत मी सुरुवातीचे दोन वर्ग पार केले. पुढे प्रगत वाचनाचा वर्ग होता. पंधरा-वीस जण थेट दगडांच्या फोटोंवरून मूळ लेख वाचतात, वाद घालतात, असा. शिकवणाऱ्या बाई परदेशात, आमची भेट संगणकावर. प्रवेशासाठी प्रत्येकाला एका दगडाचा फोटो मिळायचा. त्याची हाताने नक्कल काढायची, सगळा लेख उलगडायचा आणि वर्गासमोर मोठ्याने वाचून दाखवायचा. मला ती जागा हवी होती. आयुष्यात दुसऱ्याच्या आराखड्याखेरीज काही वाचलं नव्हतं, आता हे वाचायचंच होतं.

माझ्या वाट्याला चारएक हजार वर्षांपूर्वीच्या एका कुटुंबाचा दगड आला. मधोमध घरधनी आणि त्याची बायको, खाली ओळीने माणसं, प्रत्येकाजवळ नाव. वरच्या मजकुरात ये-जा करणाऱ्यांना विनंती होती, की जिवंत माणसांनो, इथून जाताना तोंडाने एवढं म्हणा, हजार भाकरी, हजार घडे पेय, यांच्यासाठी. म्हणायला काही खर्च नाही, तुमच्या बोलण्यानेच ते आम्हाला पोचतं. मला ते फार आवडलं. पण कोरणारा मात्र गचाळ होता. रेघा खालीवर, पक्षी लहानमोठे, शेवटच्या ओळी दाटीवाटीने कोंबलेल्या.

मी पंधरा दिवस बसून नक्कल काढली. स्केल, सेट-स्क्वेअर, बारीक पेन. सगळी घुबडं एका मापाची, पाण्याच्या लाटा सारख्या. पाठवताना छाती फुगली होती.

दोन दिवसांनी बाईंचं उत्तर आलं. "रेखाटन अतिशय सुंदर आहे. पण असा दगड जगात कुठेही नाही. तुम्ही कोरणाऱ्याच्या चुका दुरुस्त केल्या आहेत. आपलं काम दुरुस्तीचं नाही. महिनाभराने शेवटची संधी देते. दगडावर जे आहे ते सगळं काढा."

मी संगणक बंद केला आणि जेवलो नाही. अपमान झाल्यासारखं वाटलं, कारण त्या बाई बरोबर होत्या. पुढचे दिवस वाकडं काढायला शिकण्यात गेले. आयुष्यभर सरळ ओढलेल्या हाताला मुद्दाम वाकडं जाता येत नाही. बायको शेजारी बसून भाजी निवडायची आणि म्हणायची, "बघा, पुन्हा सरळ केलं." महिना संपत आला तोवर जवळपास सगळं उतरलं. खाली डाव्या कडेला मात्र दगड खरवडल्यासारखा होता. तिथे मी टवका उडाल्याची खूण म्हणून तिरक्या रेघा मारल्या.

तेवढ्यात आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आली. आम्ही दरवर्षी सणाला सावद्याला थोरल्या भावाकडे जातो. भर उन्हात बसमधून उतरलो तेव्हा वहिनीने दारात पितरांची घागर भरून ठेवली होती, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोऱ्या. मग ती उंबरठ्यापाशी बसली आणि कुंकवात बोट बुडवून एकेक टिळा उमटवू लागली. आजोबांचं नाव, आजीचं नाव, वडिलांचं, आईचं. एक नाव, एक बोट, एका रांगेत. हे मी जन्मभर पाहत आलो होतो, म्हणजे पाहत नव्हतो.

रांग संपली. वहिनी उठता उठता पुन्हा खाली वाकली आणि उंबरठ्याच्या अगदी कडेला, चौकटीला लागून, एक लहानसं बोट टेकवलं. रांगेबाहेर. वाकडं. माझा हात नकळत ते पुसायला पुढे झाला.

वहिनीचं माहेर धुळ्याकडचं, ती अजून तिकडचंच बोलते. "ऱ्हाऊ द्या भाऊ," ती म्हणाली. "अक्काना नावनं शे ते."

अक्का म्हणजे आमची आत्या. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आली आणि आम्हा भावंडांना तिनेच वाढवलं. आई शेतात असायची, मांडी अक्काची असायची. पण लग्न झालेली बाई सासरच्या पितरांत धरली जाते. आमच्या रांगेत तिचा हक्क नाही.

मी विचारलं, "हे कधीपासून?"

"दर साल लावस मी. तिना सासरले कोन याद करी? आठेच ऱ्हायनी, आठेच गयी. रांगमा बसत नही, मंग कडले लावस."

इथेच राहिली, इथेच गेली, हे खरंच होतं. इतकी वर्षं मी ते बोट कुंकवाचा डाग समजत होतो. आणि मग मला माझ्या तिरक्या रेघा आठवल्या, खाली, डाव्या कडेला, रांगेबाहेर. त्या दिवशी आमरसाच्या दोन वाट्या कशा संपवल्या ते मला कळलं नाही. भाऊ म्हणाला, याला ऊन लागलं.

जळगावला पोचताच चपला न काढता मी फोटो मोठा केला. तो टवका नव्हता. कोणीतरी मागाहून, जागा नसताना, बारीक चिन्हं कोंबली होती. शेवटी मांडीवर मूल घेतलेल्या बाईचं चिन्ह. म्हणजे मूल वाढवणारी दाई. आणि तिच्यापुढे तीन चिन्हांचं तिचं नाव. मी हसत होतो आणि डोळे पुसत होतो. बायकोला हाक मारून पडद्यावरची ती बाई दाखवली. ती पडद्याजवळ वाकली आणि म्हणाली, "हिला सरळ करू नका."

वाचनाच्या दिवशी मी सगळी नावं क्रमाने घेतली, शेवटी दाईचंही घेतलं. बाई म्हणाल्या, या दगडावर बहुतेकांचं ते नाव सुटतं, तुम्हाला कसं दिसलं? मी म्हणालो, माझ्या वहिनीने दाखवलं. मग उंबरठा, घागर, अक्का, सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. माझी वेळ संपली तरी त्यांनी मला थांबवलं नाही. जागा मला मिळाली.

पहिला फोन मी वहिनीला केला. प्रवेशाचं तिला फारसं काही वाटलं नाही. तिने दाईबद्दल विचारलं. "मंग तिना नावनं बोट कोन लावस?"

"कोणीच नाही. चार हजार वर्षं झाली वहिनी, कोण राहणार?"

"मंग आपुन लावूत."

यंदाच्या आखाजीला तिने रांग पुरी केली, कडेला अक्काचं बोट लावलं आणि कुंकवाची वाटी माझ्यापुढे सरकवली. नाव मलाच येत होतं. मी ते मोठ्याने घेतलं आणि अक्काच्या शेजारी बोट टेकवलं. ते वाकडं उमटलं. मी तसंच राहू दिलं.